आपल्या अकरा नाण्यांना सात आठवडे का लागले

महोदय,

जुनी नाणी साफ करून देणाऱ्या आमच्या दुकानाला इंटरनेटवरील अभिप्रायात एकच तारा देऊन आपण लिहिले आहे की, तीन आठवड्यांचा वायदा करून आम्ही सात आठवडे लावले, नाणी खणात पडून राहिली आणि एवढे करून ती चमकलीही नाहीत. मारबतीच्या सणाच्या दिवशी आपण नागपूरच्या इतवारीत येऊन बंद दुकानावरून परत गेलात, याबद्दल मी आपली क्षमा मागतो. आदल्या दिवशी फोन करायला हवा होता.

परंतु ‘खणात पडून राहिली’ हे शब्द मनाला लागले. सात शिवराया (मराठेशाहीतील तांब्याची नाणी), १८३५ चे दोन तांब्याचे पाव आणे आणि १९१९ चे दोन ब्रॉन्झचे, यांपैकी एकही नाणे खणात नव्हते. नाणी देण्यापूर्वी आपण ती घरी लिंबू-मिठाने घासली होती, हे आपण चौथ्या आठवड्यात सांगितले. तोवर दोन शिवरायांवर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा का उगवते, याचा मी शोधच घेत होतो. मिठातील क्लोराइड तांब्यात मुरले की पावसाळी दमट हवेत ते आतून धातू खात राहते, आणि वरून कितीही पुसले तरी थांबत नाही. त्यासाठी नाणी सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सोड्यासारख्या क्षाराच्या पाच टक्के द्रावणात ठेवून ते द्रावण दर आठवड्याला बदलावे लागते आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवावी लागतात, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरट ढग दिसला, तर क्लोराइड अजून निघत आहे, म्हणजे काम संपलेले नसते. आपल्या त्या दोन शिवरायांच्या पाण्यात सहाव्या आठवड्यातही तो ढग दिसत होता. बाकीची नऊ नाणी आधी देता आली असती, हे मात्र मला मान्य आहे.

चमकेविषयी एवढेच सांगतो की, शिवराईवरील ‘छत्रपति’ ही झिजलेली अक्षरे तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेल्या तपकिरी थरातच टिकून असतात. चिंचेने थर निघतो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. ते मी केले नाही, आणि कोणी सांगितले तरी करणार नाही.

वाढलेल्या चार आठवड्यांचा एक रुपयाही आपल्याकडून घेतलेला नाही. आमचे घर याच कामावर चालते, आणि आपला अभिप्राय वाचून कालच एका गृहस्थांनी देऊ केलेली नाणी परत नेली, म्हणून इतके सविस्तर लिहिले. यापुढे पावतीवर मुदत लिहिताना अधिक काळजी घेऊ आणि फोनचीही काही व्यवस्था करू.

त्या दोन शिवराया ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवाव्यात. हिरवी भुकटी पुन्हा दिसल्यास ताबडतोब घेऊन यावे, त्याचे पैसे पडणार नाहीत.