रूट कॅनलने कॅन्सर होतो म्हणे! त्या फॉरवर्डचं एकदा बघूच

परवा एक काका आले, वरची दाढ ठणकतेय, गालाला रुमाल लावलेला, आणि खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला. मॅडम हे वाचा आधी, मग तोंडात हात घाला. तोच फॉरवर्ड, या महिन्यातला चौथा की पाचवा. ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रूट कॅनल म्हणजे मेलेला दात तोंडात ठेवणं, कॅन्सरच्या ९७ टक्के पेशंटना रूट कॅनल झालेलं असतं, त्यापेक्षा दाढ काढून मोकळे व्हा, इम्प्लांटचा (म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या खोट्या दाताचा) स्क्रू हाड कुजवतो, आणि हो, वरची दाढ मात्र काढू नका, नजर जाते.

आधी मेलेल्या दाताचं बोलू. आतली नस मेलेली किंवा सडत आलेली असते हे खरंय, म्हणून तर आम्ही ती काढतो. खालच्या पहिल्या दाढेला बहुतेक वेळा तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या, असतात, त्यात कानशीसारखी बारीक फाइल घालून घासायचं, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुवायचं, आणि कोरडं करून गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा पदार्थ ठासून भरायचा. पण दात म्हणजे फक्त आतली नस नाही ना. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, त्याला रक्तपुरवठा बाहेरून येतो आणि तो रूट कॅनलनंतरही जिवंतच असतो. रूट कॅनल केलेल्या दाढेखाली भातातला खडा आला की कसं टचकन कळतं? ते त्या पडद्यामुळे. मेलेल्याला कळलं असतं का?

आता कॅन्सर. ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत वेस्टन प्राइस नावाचे डेंटिस्ट होते, त्यांनी १९२० च्या आसपास रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि निष्कर्ष काढला की शरीरातले कितीतरी रोग या दातांतून येतात. त्या काळात या समजापायी लोकांचे चांगले चांगले दात उपटले गेले. पुढे इतरांनी नीट काळजी घेऊन तेच प्रयोग केले तेव्हा तसं काही दिसेना, काढतानाच दाताला लागलेले जंतू आणि तुलनेला धड काही न ठेवणं हे मूळ दुखणं होतं, आणि १९५० पर्यंत तो विचार मागे पडला. ९७ टक्क्यांचं म्हणाल तर, कॅन्सर बहुतेक उतारवयात होतो आणि त्या वयात रूट कॅनल कितीतरी जणांना झालेलं असतं. कॅन्सर नसलेल्यांपैकी किती जणांना झालंय ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. चहा पिणारेही ९७ टक्के निघतील. आणि तोंडाच्या कॅन्सरचीच भीती असेल तर खिशातल्या तंबाखूच्या पुडीबद्दल आणि सकाळच्या मिश्रीबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही, याचा मला जास्त राग येतो.

“काढा आणि मोकळे व्हा” हे मात्र सगळ्यात महागात पडतं. माझ्या सख्ख्या आत्याने बारा वर्षांपूर्वी डावीकडची खालची दाढ अशीच काढली, मी तेव्हा शिकत होते, मला विचारलंही नाही. आता तिची वरची दाढ त्या रिकाम्या जागेत खाली उतरलीय, कारण समोर टेकायलाच कोणी नाही, मागची दाढ पुढे कललीय, त्या फटीत शेंगदाण्याचं कूट जाऊन बसतं आणि ती टाचणीने काढते (हजारदा सांगून झालंय). भाकरी दुधात कुस्करून फक्त उजवीकडून खाते, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या कानापुढे जबडा भरून येतो. फिक्स दात बसवायचा तर वरची चांगली दाढ आधी घासून बुटकी करावी लागेल. इम्प्लांट करायचं तर हाड बारीक झालंय, दात काढल्यावर पहिल्या वर्षातच ते बरंच झिजतं. वाचणारी दाढ वाचवली असती तर एक रूट कॅनल आणि एक कॅप, एवढ्यावर भागलं असतं.

इम्प्लांटने हाड कुजतं म्हणे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकांना सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची वस्तू निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं, तिथून हे सगळं सुरू झालं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले, ते त्याला २००६ मध्ये तो जाईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांवर पुरले. बिघडतात का? बिघडतात. शुगर आटोक्यात नाही, सिगरेट चालू आहे, साफसफाई नाही, तर आजूबाजूचं हाड उतरतं. पण तो दोष स्क्रूचा नाही.

नजरेचं काम सोपं आहे. डोळ्याने दिसतं ती नस वेगळी आणि दातांची नस वेगळी, दोन्ही मेंदूतून आपापल्या वाटेने येतात. वरच्या सुळ्याला पू झाला तर डोळ्याखाली सूज येते, तिथून हा समज आला असावा, पण तो पू अंगावर काढल्याचा परिणाम, दात काढल्याचा नाही.

डॉक्टर लुटतात, हा मुद्दा मी खोडणार नाही. काही ठिकाणी गरज नसताना रूट कॅनल होतं, हेही मी पाहिलंय. एक्स-रे मागा, कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय ते बोट ठेवून दाखवायला सांगा, पटलं नाही तर तोच एक्स-रे घेऊन दुसरीकडे जा. परवडत नसेल तर मुंबईत, नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज आहेत, वेळ जातो पण काम होतं.

तर काका. म्हणाले, काढूनच टाका. मी म्हटलं काढते, पण तुमची वरची आहे, शेवटचा मुद्दा परत वाचा. मोबाईल खिशात गेला. दाढ वाचण्यासारखी होती, उघडून पू काढून दिला, त्या रात्री झोप लागली म्हणे. कॅनल भरूनही झालेत आता. कॅपचं मात्र घोडं अडलंय, मुलाशी बोलून सांगतो म्हणाले, आणि तोवर त्याच दाढेने सुपारी फोडू नका एवढंच मी सांगून ठेवलंय.