स्वीडिश ‘गोस’ आणि आपला ‘हंस’

‘स्वीडनमध्ये हंसाला (इंग्रजीतल्या ‘गूज’ला) गोस म्हणतात. हा शब्द संस्कृत हंसवरून आला. व्हायकिंगांनी, म्हणजे तिथल्या जुन्या दर्यावर्दींनी, तो भारतातून नेला, पुरावा म्हणजे तिथे सापडलेली बुद्धमूर्ती. आजही तिथे नोव्हेंबरात हंसपूजा होते. पाश्चात्त्य विद्वान हे दडवतात.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. काल मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तिची नात आता शाळेत यावर भाषण करणार आहे म्हणे. म्हणून हा खटाटोप.

मूर्ती खरी आहे. स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर 1956 मध्ये सापडली, उंची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, घडवलेली आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या बाजूला, साधारण सहाव्या शतकात. पण ती तिथे पोचेपर्यंत स्वीडिश शेतकरी आपल्या दारातल्या पक्ष्याला काय ‘शुक शुक’ करत होता? रोमन लेखक प्लिनी इ.स. 79 मध्ये वारला. त्याने लिहून ठेवलंय की जर्मानियातल्या (म्हणजे तेव्हाच्या जर्मन मुलखातल्या) छोट्या पांढऱ्या हंसांना ‘गांता’ म्हणतात, त्यांच्या पिसांना पौंडाला 5 दिनार मिळतात, आणि त्या लोभाने अधिकारी पहाऱ्यावरच्या अख्ख्या तुकड्या हंस पकडायला पिटाळतात. हा ‘गांता’ ‘गोस’च्याच घराण्यातला. तेव्हा मूर्तीही नव्हती आणि व्हायकिंगही.

शिवाय शब्द संस्कृतातून उचलला असता, तर ‘ह’चा ‘ग’ कशाला झाला असता? स्वीडिश लोकांना ‘ह’ छान म्हणता येतो. जर्मन ‘गान्स’, लॅटिन ‘आन्सेर’, आपला ‘हंस’ ही सगळी त्याहून जुन्या एका शब्दाची लेकरं. त्याच्या पहिल्या ध्वनीचा संस्कृतात ‘ह’ झाला, जर्मन-स्वीडिशकडे ‘ग’, लॅटिनमध्ये तो गळूनच गेला. पुढे स्कँडिनेव्हियात ‘स’आधीचा ‘न’ही गेला. तेव्हा नातं आहे, मान्य. पण चुलत भावंडांचं, बापलेकाचं नाही.

आणि दडवलं कुणी? एलोफ हेलक्विस्टचा स्वीडिश व्युत्पत्तिकोश 1922 मध्ये छापून आलाय. त्यात ‘गोस’खाली संस्कृत ‘हंस’ दिलेला आहे.

संस्कृत ‘कोकिल’वरून स्वीडिश ‘योक’ (कोकिळेच्या कुळातला तिकडचा कुक्कू पक्षी) आला, हेही त्याच मेसेजात पुढे आहे. ही दोन्ही नावं त्या-त्या पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलीत, त्यासाठी कुणाला बोटीत बसायला नको.

राहिली हंसपूजा. 10 नोव्हेंबरच्या संध्याकाळी दक्षिणेकडच्या स्कोने भागात हंस असतो खरा, पण भाजून, ताटात. सोबत त्याच्याच रक्ताचं काळं सूप. मावशी, नातीच्या भाषणातून निदान एवढं तरी गाळा.