मैदानावरील पंचांना हटवा म्हणणाऱ्यांना उत्तर

‘क्रिकेटमधले सगळे निर्णय आता कॅमेरे आणि डीआरएसच (पंचांच्या निर्णयाला संघाने आव्हान दिल्यावर तो रिप्लेवरून तपासण्याची पद्धत) देतात, मैदानावरचे पंच चेंडू मोजण्यापुरते आणि गोलंदाजाची टोपी सांभाळण्यापुरते उरले आहेत, तेव्हा त्यांना हटवावे,’ असा दावा सध्या सर्वत्र फिरत आहे. चुकीच्या निर्णयाने सामना हातचा गेला की येणारा संताप मला समजतो. तरीही हा दावा मला साफ अमान्य आहे.

यंत्राला सगळे दिसते, हा त्यातला पहिला मुद्दा. पायचीतच्या अपिलात चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्गच कॅमेरे टिपतात. त्यापुढचा मार्ग हा आधीच्या मार्गावरून बांधलेला अंदाज असतो, आणि टप्प्यानंतर चेंडू लगेच पॅडवर लागला, तर त्या अंदाजाला आधार कमी मिळतो. म्हणूनच चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्ट्यांना लागेल असे दिसले, तर ‘अम्पायर्स कॉल’ म्हणून मूळ निर्णय कायम ठेवतात. पंचांची अब्रू झाकण्यासाठी ही पळवाट ठेवली आहे, असे म्हणणे अन्यायाचे आहे. अंदाज चुकू शकतो याची ती कबुली आहे. शिवाय २०१७ पासून अशा वेळी संघाचा रिव्ह्यूही, म्हणजे आव्हान देण्याची मोजकी संधी, वाया जात नाही.

दुसरा मुद्दा चेंडू मोजण्याचा. गोलंदाज क्रीजवर पोहोचतो तेव्हा त्याच्या टोकाच्या पंचांची नजर पुढच्या पायावर असते, आणि पाय पडताच ती उचलून निमिषार्धात समोरच्या फलंदाजावर आणावी लागते. त्याच वेळी बॅटची कड लागल्याचा बारीक आवाज पॅडच्या आवाजातून कानाने वेगळा काढायचा असतो. अलीकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुढच्या पायाचा नो-बॉल (पाय क्रीजच्या रेषेपुढे पडल्याने अवैध ठरणारा चेंडू) मैदानाबाहेर बसून रिप्ले पाहणारे तिसरे पंच पाहतात, आणि ते योग्यच आहे, परंतु जगातले बहुतेक क्रिकेट कॅमेऱ्यांशिवायच खेळले जाते.

बाद-नाबाद हा तर पंचांच्या कामाचा एक भाग झाला. प्रकाश पुरेसा आहे का, मैदान खेळण्याजोगे आहे का, आखूड टप्प्याचा मारा धोकादायक होतो आहे का, हे तेच ठरवतात. गोलंदाज चेंडू टाकून झाल्यावर खेळपट्टीच्या मधल्या संरक्षित पट्ट्यात धावत असेल, तर ते ताकीद देतात आणि तरीही तो न सुधारल्यास त्या डावापुरती त्याची गोलंदाजी थांबवतात. चेंडूचा आकार बिघडल्याची तक्रार आली की ते चेंडू ठरावीक मापाच्या कडीतून घालून पाहतात, आणि तो अडकला, तर बदलतात. पंचांना हटवा म्हणणारे या कामांविषयी चकार शब्द काढत नाहीत.

पंच चुकतात, हा तिसरा मुद्दा मात्र खरा आहे. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू धाव घेणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला, तेव्हा इंग्लंडला सहा धावा देण्यात आल्या. थ्रो झाला त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले नसल्याने नियमानुसार त्या पाच व्हायला हव्या होत्या, आणि पंच कुमार धर्मसेना यांनी पुढे ही चूक मान्यही केली. पण त्या क्षणी रिप्ले पाहण्याची मुभा पंचांना नव्हती. १९९२ साली डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचांकडून धावचीत ठरला, तेव्हा मात्र मैदानावरच्या पंचांनीच मदत मागितली होती आणि रिप्ले पाहून निर्णय देणाराही पंचच होता. अशा ओव्हरथ्रोच्या, म्हणजे फेकलेला चेंडू दूर गेल्याने मिळणाऱ्या धावांसाठी पंचांना हीच मदत मिळावी, अशी मागणी कोणी केली, तर तिला माझा पूर्ण पाठिंबा राहील.