एक फुल, एक हाफ

माझा नॅपकिन गेला. सोलापुरात राहून नॅपकिन गेल्याचं रडगाणं म्हणजे कोकणात राहून नारळ हरवल्याची तक्रार, हे मला कळतं. या गावात लग्न, मुंज, बदली, सेवानिवृत्ती, काहीही निघालं की चादर नाहीतर टॉवेल द्यायचा असतो. घरात दोन ट्रंका भरून आहेत. पण हा नॅपकिन ज्या पद्धतीनं गेला, ते अजून पचलेलं नाही.

नळदुर्गला आम्ही चौघं जाणार होतो. रविवारी सकाळी सहाला एकाच्या मुलीला ताप आला आणि दुसऱ्याचा फोन बंद लागला. उरलो मी आणि क्ष.

क्ष म्हणजे ती. चार वर्षं आमचं होतं, तीन वर्षांपूर्वी मोडलं, आणि आता आम्ही मित्र आहोत. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की आधार नंबरासारखं पाठ झालंय. मराठीत या नात्याला शब्दच नाही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू आहे, मुलाच्या सासऱ्याला व्याही आहे, नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोलासुद्धा सवत हा खणखणीत शब्द आहे. जिच्याबरोबर चार वर्षं सात रस्त्यापासून सिद्धेश्वर तलावापर्यंत चपला झिजवल्या, तिला काही नाही. इंग्रजीत एक्स म्हणतात. आमच्या शाळेत बीजगणिताच्या तासाला 'समजा, ती संख्या क्ष आहे' म्हणायचे. म्हणून क्ष. तिथं निदान क्षची किंमत काढून वही मिटता यायची.

तर बस लागली, गर्दी दाराशी झुंबडली, आणि मी पिढीजात कौशल्यानं खिडकीतून नॅपकिन टाकून दोघांची सीट धरली. क्ष खिडकीशी, मी कडेला. कंडक्टर आला. मी म्हणालो, "दोन नळदुर्ग."

"एक फुल, एक हाफ," असं म्हणून त्यानं मशीन दाबलंसुद्धा.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. उत्तम योजना आहे. माझी आई तेव्हापासून इतक्या वेळा पंढरपूरला गेली की विठोबानं आता ओळख दाखवायला हरकत नाही. माझा आक्षेप योजनेला नाही, क्षला आहे. आमचं मोडल्यापासून आम्ही खर्च निम्मा-निम्मा करतो, चहाचे दहा रुपयेसुद्धा. मी म्हणालो, दोन्ही तिकिटं मिळवू आणि दोन भाग करू. ती म्हणाली, "का म्हणून? सवलत मला आहे." आणि तिनं माझ्या देखत मोबाइलवरून मोजून आपल्या हाफचे पैसे पाठवले. टिंग वाजलं. चार वर्षांत नवी पेठेत मी जे आइस्क्रीम... जाऊ द्या. मी तसा माणूस नाही.

बस हैदराबाद रस्त्याला लागली तेव्हा एक आजी माझ्या खांद्याशी उभ्या आहेत हे लक्षात आलं. नऊवारी, काखेत बोचकं, हातात स्टीलची किटली. जळकोटला लेकीकडे निघालेल्या. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, त्यामुळे त्यांना कंडक्टरचा धाक नव्हता. त्यांनी आधी क्षकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवीन लगीन व्हय?"

"नाही आजी."

"मग जुनं?"

"लग्न नाही झालेलं. आम्ही मित्र आहोत."

"मैतर," आजींनी तो शब्द विड्यासारखा तोंडात घोळवला. "म्हंजी भाऊ-भन?"

"नाही, नाही!"

"न्हाई काय? आते-मामेभावंडं?"

क्ष खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. इथं मी गप्प बसायला हवं होतं. एखादी आत्या, एखादा मामा कबूल केला असता तर आज नॅपकिन घरात असता. पण मला खुलासे करण्याचा आजार आहे. मी म्हणालो, "आजी, आमचं आधी जमलं होतं. लग्न करणार होतो. मग मोडलं. आता मैत्री आहे."

पुढच्या दोन सिटांवरचं बोलणं थांबलं.

"सोडलंस हिला?"

"मी नाही सोडलं. तिनं..."

"दोघांनी मिळून ठरवलं," क्ष मान न वळवता म्हणाली. स्टँडपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"लगीन तर झालं न्हवतं न्हवं?"

"नाही."

"मग सोडलं काय?"

रविवारपासून मी या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. त्या वेळी तर तोंडच उघडेना. पुढच्या सिटावरचे पांढरी टोपीवाले काका पूर्ण मागे वळले आणि म्हणाले, "बराबर हाय म्हातारीचं. बांधलंच न्हाई ते सुटंल कसं?" पलीकडे एक कॉलेजचा पोरगा होता. त्यानं एका कानातलं बोंडुक काढलं. थोड्या वेळानं दुसऱ्यातलंही.

खरं तर सोलापूरकरांना असल्या गुंतागुंतीचं वावडं नसावं. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला तेव्हा योगी सिद्धरामेश्वर लग्न करणार नाही म्हणाले आणि तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं. दर संक्रांतीच्या गड्डा जत्रेत सम्मती कट्ट्यावर तो अक्षता सोहळा होतो आणि गावच्या गाव पांढरे कपडे घालून अक्षता टाकतं. काठीशी लागलेलं लग्न गावाला मान्य आहे. माझी मैत्री मात्र एका बसला पटवता येईना.

"आन् आता कुठं निघालाव?"

"नळदुर्ग. किल्ला बघायला. पाणीमहाल. आणि तो... धबधबा."

"कंचा धबधबा?"

मी घुटमळलो. तिथं एकच धबधबा आहे आणि त्याचं नाव अख्ख्या बसला ठाऊक होतं. "नर-मादी," कॉलेजवाल्यानं मदत केली. बस हसली. बस म्हणजे माणसं. पण मला तेव्हा पत्रासुद्धा हसल्यासारखा वाटला.

"नर-मादी बघाया एका शिटावर खेटून चाललाव," आजी म्हणाल्या, "आन् मैतर हाव म्हंताव. उठ."

"काय?"

"उठ की. तू हिचा नवरा न्हाईस, भाऊ न्हाईस. मग परक्या पोरीच्या शेजारी तुजं काय काम? मला बसू दे."

या युक्तिवादात मला अजूनही फट सापडलेली नाही. 'होय, नवरा आहे' एवढं म्हटलं असतं तर बसलो असतो. खरं बोललो म्हणून उभा राहिलो. आणि गैरसमज नको, म्हाताऱ्या बाईला जागा द्यायला माझी ना नव्हती. मी स्वतःहून उठणारच होतो, असं मी गेले चार दिवस सगळ्यांना सांगतोय. पण उठणं वेगळं आणि उठवणं वेगळं. त्यात क्षनं मान वर करून, आमचं चालू असताना जो सूर ती फक्त रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवायची त्या सुरात मला सांगितलं, "राहा ना जरा उभा. आजी आहेत." आजी माझ्या नॅपकिनवर बसल्या. बोचकं माझ्या हातात दिलं. जड होतं. वासावरून आत ज्वारीचं पीठ असावं.

बोरामणी गेलं. क्षनं डबा काढला. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, तिच्या आईच्या हातची. आई समजत होती की लेक ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर निघालीय. म्हणजे एका घरात मी मैत्रीण होतो आणि बसमध्ये मित्रसुद्धा नव्हतो. दोघी कडाकडा भाकरी मोडत होत्या. चटणीचं तेल आजींच्या बोटांना लागलं, ते त्यांनी बुडाखालून डोकावणाऱ्या माझ्या नॅपकिनच्या टोकाला पुसलं. मला कुणी विचारलं नाही. हाताला बोचकं होतं, विचारून उपयोगही नव्हता.

मग आजींनी आवाज खाली आणला. "का गं मोडलं?"

क्ष त्यांच्या कानाशी झुकली. काहीतरी बोलली. दोन वाक्यं असतील, फार तर तीन. आजींनी मान हळूहळू वर केली, मला चपलांपासून केसांपर्यंत एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं बया!"

काय सांगितलं तिनं? जे कारण मला तीन वर्षांत धड कळलेलं नाही, ते त्या बाईला इटकळ यायच्या आत कळलं. मोडलं तेव्हा मी महिनाभर विचारत होतो. 'असं एक काही नाही रे' एवढंच मिळालं होतं. आणि ते कारण जर दोन वाक्यांत मावण्याएवढं होतं, तर मला पोस्टकार्डावर कळवता आलं असतं. टोपीवाले काकाही कान लावून होते, पण त्यांनाही ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मला त्या क्षणी ते काका भयंकर आवडले.

अणदूर आलं तसे आजींनी हात जोडले. तिथला खंडोबा पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो आणि बाकीचं वर्ष अणदुरात. दोन्ही गावांत लेखी करार होतो, मगच देव हलतो. मी उभ्या उभ्या नमस्कार केला. दोन घरं सांभाळणाऱ्या देवाला कागदाचं महत्त्व कळलं होतं. आमचं सगळंच तोंडी. जमलं तेही, मोडलं तेही, मैत्री तर एका पानपट्टीपाशी उभ्या उभ्या ठरली होती.

नळदुर्गला उतरलो. बोचकं परत दिलं. आजींनी क्षच्या हातावर दहाची नोट ठेवली, कपाळाशी बोटं मोडली. मला म्हणाल्या, "सुधार." बस सुटली आणि मला नॅपकिन आठवला. शंभर पावलं धावलो असेन.

किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला जुना बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल. बाहेर धो-धो पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा राहतो. बंधारा भरून वाहायला लागला की एका बाजूनं नर पडतो, एका बाजूनं मादी. यंदा बंधारा अजून भरला नव्हता. नर नाही, मादी नाही, नुसती शेवाळलेली भिंत. ती बघायला मी उभ्यानं आलो होतो. "साहेब, वहिनींचा फोटो काढू का?" असं एका पोरानं विचारलं तेव्हा मी काहीही खुलासा केला नाही. माणूस शिकतो.

"काय सांगितलंस गं त्यांना?" मी विचारलं.

"कुणाला? आजींना? चटणीत लसूण किती घालायचा ते."

"त्यावर कुणी आगं बया म्हणतं?"

"आमच्याकडे लसूण जास्त असतो," ती म्हणाली आणि भिंतीचा फोटो काढत राहिली.

तो नॅपकिन, आता सांगून टाकतो, तिनंच दिला होता. पहिल्या वाढदिवसाला. इथं प्रेमातसुद्धा टॉवेलच देतात. निळी किनार होती. रात्री जेवायला बसलो तेव्हा टिंग वाजलं. क्षनं साठ रुपये पाठवले होते. खाली लिहिलं होतं: 'नॅपकिन, निम्मे.'

साठ कशाचे निम्मे, हे मी अजून विचारलेलं नाही. पैसे परतही पाठवलेले नाहीत.