अँटीबॉडी भरपूर म्हणजे कुत्रा बरा झाला, हे कुणी सांगितलं?

माझी भाची स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असते. तिच्या कुत्र्याला लीशमॅनियासिस आहे, म्हणजे वाळूमाशीतून शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा रोग. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘रिपोर्टमध्ये अँटीबॉडी जास्त म्हणजे कुत्र्याने रोग जिंकला. गोळ्या बंद करा, रोज लसूण चारा. तिथल्या गावठी कुत्र्यांना हा रोग होतच नाही. कुत्र्याला हात लावला तर काळा आजार होतो.’ तो वाचून पोरीने अकरा दिवस गोळ्या दिल्या नाहीत!

पहिलं वाक्यच घातक आहे. हा परजीवी मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत दडून वाढतो. अँटीबॉडी तिथे पोचत नाहीत. टी-पेशींनी (रक्तातल्या एक प्रकारच्या संरक्षक पेशींनी) इंटरफेरॉन-गॅमा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजला जागं केलं, तरच ती नायट्रिक ऑक्साइड तयार करून त्याला मारते. हे जमलं नाही की अँटीबॉडी नुसत्या वाढत जातात. परजीवीच्या अंशांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचतात आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. मूत्रपिंड निकामी होणं हेच या रोगात कुत्र्याच्या मृत्यूचं मुख्य कारण आहे. ज्या आकड्यावर खूश व्हायला सांगताय, तो धोक्याचा आकडा आहे.

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या शंभर कुत्र्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. संसर्ग ६७ कुत्र्यांना होता, अँटीबॉडी २६ जणांत सापडल्या, आजारी होते १३. म्हणजे संसर्ग असूनही ४१ कुत्र्यांत अँटीबॉडी सापडल्याच नाहीत. मग रोग आवरला कशाने? वर सांगितलेल्या पेशींच्या प्रतिकारानेच.

गावठी कुत्र्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करते. तिथल्याच इबिझा बेटाच्या शिकारी कुत्र्यांत पेशींचा प्रतिकार चांगला आढळला आहे. पण ‘होतच नाही’ कुठून आलं? आणि भाचीचा कुत्रा त्या जातीचाही नाही.

लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. आधीच ॲनिमिया झालेल्या जनावराला तो देऊ नका.

हात लावल्याने काहीही होत नाही. रोग वाळूमाशी चावल्याने पसरतो. बिहारमधल्या काळ्या आजाराचा परजीवी वेगळा, तो माशी माणसाकडून माणसाकडे नेते. स्पेनमध्ये मात्र परजीवीचा मुख्य साठा कुत्र्यांत असतो, म्हणून तिथे गळ्यात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा घालतात. कुत्र्याला घराबाहेर काढणं हा उपाय नव्हे.

भाचीला रात्रीच फोन केला. तिने डॉक्टरांना विचारून बंद केलेल्या गोळ्या, म्हणजे ॲलोप्युरिनॉल, पुन्हा सुरू केल्यात. शुक्रवारी लघवीतली प्रथिनं तपासायची आहेत.