पैसे आलेत, पण कार्डावर नाही आले

आज परत तेच. भर सव्वानऊला, मागे माणसांचा लोंढा, मेट्रोच्या गेटचे ते काचेचे फ्लॅप घट्ट मिटलेले आणि वर लाल अक्षरात 'इन्सफिशियंट बॅलन्स'. अरे कसला इन्सफिशियंट? रात्री झोपायच्या आधी मेट्रोच्या कार्डात ॲपमधून पाचशे टाकलेत मी. ॲपमध्ये दिसतायत, बँकेतून कट झालेत, मेसेज आलाय, वर आभारसुद्धा मानलेत त्यांनी, आणि हे गेट अख्ख्या गर्दीसमोर मला सांगतंय की तुझ्याकडे पैसे नाहीत. कुठलं स्टेशन ते लिहीत नाही, निम्म्या लोकांना ते आपलंच वाटणारे आणि त्यांचं चुकत पण नसेल.

काउंटरवर एक पोरगा. गळ्यात पट्टा, समोर स्क्रीन, चेहऱ्यावर सकाळपासून पन्नास जणांना हेच सांगितल्याचा कंटाळा. म्हणे, "सर, पैसे ऑनलाईनला आलेत. कार्डावर नाही आले."

म्हणजे?

"म्हणजे वॉलेटमधे आहेत सर. चिपमधे नाहीत."

मग चिपमध्ये कधी येणार?

"तुम्ही मशीनला लावलं की येणार."

मशीन कुठंय विचारलं तर हनुवटीने दाखवलं. गेलो. मशीनवर कागद, 'मशीन बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. आता मशीन बंद असतं, त्याचं मला काही नाही, या देशात वाढलोय मी. पण तो कागद लॅमिनेट केलेला होता हो. लॅमिनेट! चारही कोपरे नीट गोल कापलेले, टेप सरळ रेषेत. माणूस लॅमिनेट काय करतो? मार्कशीट करतो, जन्मदाखला करतो, जे जन्मभर टिकवायचंय ते करतो. म्हणजे कुणीतरी बसून विचार केलाय की हे मशीन आता काही उठत नाही, साधा कागद पावसाळ्यात भिजेल, तर चला जरा खर्च करूया. ज्याने दुरुस्तीवाल्याला फोन करायचा तो लॅमिनेशनच्या दुकानात उभा होता. मी फोटो काढलाय त्याचा. फोटो काढताना सिक्युरिटीवाला आला, फोटो काढायला मनाई आहे म्हणाला, ती पाटी मात्र लॅमिनेट नव्हती, ती चांगली ॲक्रिलिकची होती.

परत काउंटरवर. पोरगा म्हणे, "तुम्ही टॉपअप इथंच करत जा ना सर, कॅशने. लगेच चढतं."

कॅशने. कॅशची कटकट नको म्हणून काढलेल्या कार्डात कॅशने पैसे भरायचे. बरं मग आधीचे पाचशे? ते आहेत सर, कुठे जात नाहीत. मी पण कुठे जात नाहीये, हाच तर प्रॉब्लेम आहे.

आणि यांचा न्याय बघा. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले, का, तर ते खिशातल्या कॅशसारखे धरतात. आणि ॲपमधले गेटवर चालत नाहीत, का, तर ते अजून कॅशसारखे झाले नाहीत. म्हणजे बुडायच्या वेळी रोख आणि वापरायच्या वेळी उधार. मला माहितीये गेट दर वेळी बँकेला विचारत बसलं तर लाईन खाली रस्त्यावर जाईल, म्हणून बॅलन्स चिपवर ठेवतात, समजतं मला, मी अडाणी नाहीये. पण मग भरतानाच एकदा मोठ्या अक्षरात सांगा ना, की बाबा रे हे अर्धंच काम झालंय. ते नाही. तिथे हिरवी टिक आणि उडणारे रंगीत कागद.

४ मार्च २०१९ ला अहमदाबादला वाजतगाजत 'वन नेशन वन कार्ड' आलं. वन. मग जानेवारी २०२३ ला मुंबईत 'मुंबई वन' कार्ड आलं. मग ऑक्टोबर २०२५ ला त्याच नावाचं ॲप आलं, अकरा वाहतूक सेवा एका ठिकाणी. आणि माझं पाकीट बघा. एक जुनं मेट्रोचं कार्ड, त्यात एका बाजूच्या भाड्याला पण पुरणार नाहीत एवढे पैसे अडकलेले. एक बसचं. एक बँकेने न मागता पाठवलेलं ज्यावर ते वायफायसारखं चिन्ह आहे पण ट्रान्झिट, म्हणजे प्रवासाला वापरायची सोय, चालू करायला कुठेतरी जावं लागतं. एक लोकलच्या तिकीट मशीनचं, त्याची मुदत संपली का नाही ते मशीनलाच माहीत. सगळ्यात थोडे थोडे पैसे. एवढ्या फिक्स डिपॉझिट माझ्या बँकेत नाहीत.

जुन्या लोकांना लोकलच्या तिकिटाऐवजी चालणारी ती सीव्हीएमची कुपनं आठवतात? ती पुस्तिका घ्यायची, मशीनच्या फटीत कुपन सरकवायचं, ठक्क आवाज यायचा आणि शाई इतकी पुसट की टीसी ते उजेडाकडे धरून बघायचा आणि मग तुमच्या तोंडाकडे बघायचा. मग एटीव्हीएम आली, आपलं आपण तिकीट काढायची मशीनं. रांग नको म्हणून मशीन आणलं, मशीन लोकांना जमेना म्हणून शेजारी माणूस बसवला, आता त्या माणसासमोर रांग. लोकलच्या तिकिटाच्या त्या यूटीएस ॲपचं तर बोलायलाच नको, तिकीट काढायला स्टेशनपासून लांब पळायला लागायचं, जीपीएसला पटेपर्यंत. आणि भाडी वाढतात तेव्हा बघा, ९ मे २०२५ ला बेस्टच्या साध्या बसचे पाचाचे दहा झाले, ते बरोब्बर झाले, तिथे कुणी म्हटलं नाही की सर वाढ ऑनलाईनला आलीये, तिकिटावर अजून नाही आली.

या सगळ्यात माझा लोकलचा कागदी पास. प्लास्टिकच्या पाकिटात, घामाने पिवळा, अक्षरं अर्धी उडालेली. टीसीने बघितला, मान हलवली, झालं. त्याला ओटीपी लागत नाही.

आणि एक जमात आहे, गेटला पोचेपर्यंत निवांत, आणि बरोब्बर गेटच्या तोंडावर उभं राहून फोन शोधतात, मग व्हॉट्सॲपमध्ये क्यूआर शोधतात, मग ब्राइटनेस वाढवतात, मग बायकोला विचारतात कुठल्या नंबरवर पाठवलंस. आज सकाळी मागच्या लोकांनी मला त्या जमातीत धरलं. मला! जो जिना चढतानाच कार्ड हातात काढून ठेवतो.

मेहुण्याने फॅमिली ग्रुपवर लगेच ज्ञान दिलं, आमच्याकडे लंडनला २०१४ पासून ट्यूबमध्ये साधं बँकेचं कार्डच टेकवतात, वेगळं कार्ड कशाला. बरं बाबा. तू पावसात भीज तिकडे.

आता शहाणा माणूस काय करेल? शेजारच्या खिडकीवर जाऊन कागदी तिकीट काढेल, दोन मिनिटांचं काम. पण माझे पाचशे त्यांच्याकडे असताना मी वर आणखी पैसे देऊ? तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व घेऊन तरातरा जिना उतरलो आणि रिक्षा केली. किमान भाडं २६, ते पहिल्या सिग्नललाच मागे पडलं. मेट्रोच्या खांबांखाली ट्रॅफिकमध्ये बसून वरून गेलेल्या गाड्या बघत होतो, सगळ्या एसी, सगळ्या वेळेवर. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मेट्रोने गेला असतात तर आत्तापर्यंत पोचला असतात की." मी गप्प. उतरताना मीटर बघून तत्त्वाची किंमत कळली. वर त्याच्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून स्कॅन केलं, आणि त्याच्या हँडलला लटकवलेला तो डबा एका सेकंदात ओरडला की पैसे मिळाले. त्याच्या खात्याला पण आले, डब्याला पण आले. कुठलं मशीन नाही, कुठे लावायला जायचं नाही.

ऑफिसात लेटमार्क लागला. बॉसला कारण सांगितलं तर तो म्हणे तू ॲपमधून टॉपअप करत जा ना, सोपं आहे.

आता कुणीतरी सांगितलं की फोनला एनएफसी, म्हणजे टेकवलेलं कार्ड वाचायची सोय, असेल तर घरबसल्या चिपमध्ये पैसे ढकलता येतात. माझ्या फोनला नाहीये, बायकोच्याला आहे. मघापासून तिच्या फोनच्या पाठीवर कार्ड फिरवत बसलोय, डावीकडून, उजवीकडून, कॅमेऱ्याखालून, तर ती विचारते, दृष्ट काढतोयस का त्याची? एकदा व्हायब्रेट झाला, पुढे काही नाही. कुणाला खरंच जमलं असेल तर सांगा, कार्ड नक्की कुठे टेकवायचं आणि कव्हर काढावं लागतं का. तिचं कव्हर निघत नाहीये, नख तुटलं माझं.