अनवट जोडी वाचकांपासून कशी वाचवावी

फॅनफिक म्हणजे आवडत्या पुस्तकातली, सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली कथा, जोडी म्हणजे तिथे प्रेमात पाडलेली दोन पात्रं, आणि अनवट जोडी म्हणजे जिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही ती. लोकप्रिय जोडीवर कुणीही लिहील. ‘हॅरी पॉटर’मधल्या ड्रेको आणि हर्मायनीची कथा टाकली की पान वाढायच्या आत वाचक पंगतीला येऊन बसतात. त्यात कसलं आलंय शौर्य? खरं तप अनवट जोडीत. फक्त या तपाला एक धोका आहे: कथा चांगली उतरली तर लोक ती वाचतात. मग ‘आमच्या जोडीला कुणी विचारत नाही’ म्हणायची सोय राहत नाही, आणि ती सोय गेली तर फॅनफिक लिहायचं तरी कशासाठी? तेव्हा पुढचं नीट वाचा.

सुरुवात निवडीपासून. दोन पात्रांची मूळ कथेत जेमतेम ओळख आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ‘इन्सेप्शन’मध्ये (२०१०) आर्थर आणि ईम्स एकमेकांना चार टोमणे मारतात, बस. ‘थॉर’मध्ये (२०११) क्लिंट बार्टन क्रेनवर धनुष्य ताणून उभा आणि खालून एजंट कोलसन त्याच्याशी रेडिओवर बोलतो, तेही मिनिटभर. दोन्ही जोड्यांवर पुढे हजारो कथा झाल्या. ज्यांनी पहिल्या लिहिल्या त्यांचं एकाकीपण असं बघता बघता गेलं. उलट टोकाला जाऊन हॅरीच्या शाळेचा, हॉगवर्ट्सचा किल्ला आणि तळ्यातला महाकाय स्क्विड अशी जोडी जमवाल, तर ती जागाही केव्हाच गेलेली आहे. महाभारतावर लिहिणाऱ्यांनी कर्ण-द्रौपदी ही जोडी अनवट म्हणून खपवू नये. तिथे उभं राहायला जागा नाही.

उदाहरणादाखल ‘हॅरी पॉटर’मधले जादूच्या छड्या बनवणारे गॅरिक ऑलिव्हँडर आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पोमोना स्प्राउट घेऊ. पुस्तकांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. आदर्श जोडी! पण जरा खोलात गेलात की पंचाईत होते. छडीला लाकूड लागतं. त्या लाकडाच्या झाडांवर बोट्रकल नावाचे चिमुकले जीव राहतात, आणि कुणी फांदीला हात घातला की ते थेट डोळ्यांवर झडप घालतात. त्यांना लाकडातले किडे खायला घालून गुंतवून ठेवावं लागतं. म्हणजे ऑलिव्हँडरना झाडापाल्यातलं कळणाऱ्या माणसाची गरज आहे. त्यात १९९६ च्या उन्हाळ्यात ते बेपत्ता होतात, मालफॉय मॅनॉर या शत्रूच्या वाड्याच्या तळघरातून १९९८ मध्ये खंगून बाहेर येतात. दुकान बंद, लढाई संपलेली. भेटायला कारण, वेळ, ठिकाण सगळं आयतं! यातून कुणी एका झाडाखालचा प्रसंग लिहिला, फांदी कुठली तोडायची यावर दोघांचं वाजवलं, आणि माया तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत लांबवली, तर या जोडीचं नावही न ऐकलेला माणूस शेवटपर्यंत वाचेल.

म्हणून यातलं काही करू नका. पहिल्याच ओळीत त्यांचं लग्न होऊन वीस वर्षं झालेली दाखवा. लोकप्रिय जोडीचा वाचक प्रेम घरूनच घेऊन येतो. शंभर कथा वाचून त्याच्या डोक्यात सगळी पार्श्वभूमी तयार असते, त्यामुळे तिथे थेट न्याहारीच्या टेबलावर सुरुवात केलेली चालते. अनवट जोडीला मागचं असं काहीच नसतं, सगळं तुम्हीच पुरवायचं असतं. ते पुरवलं नाही की वाचक दुसऱ्या परिच्छेदात ‘हे दोघं का?’ असं विचारून निघून जातो. हेच तर हवंय.

एखादी प्रस्थापित जोडी फोडावी लागत असेल तर आणखी सोपं. समजा हॅरीची बायको जिनी आणि शाळेतला थिओडोर नॉट यांना एकत्र आणायचंय. हॅरीला पहिल्या पानावर दारुडा करा, दुसऱ्यावर त्याला जिनीवर हात उचलायला लावा. हॅरीवर जीव असलेला वाचक तिथेच उठतो. ज्याला हॅरीशी देणंघेणं नाही तोही थोड्या वेळाने कंटाळतो, कारण अशा नवऱ्याला सोडून जायला जिनीला थिओडोरची गरजच उरत नाही, आणि बिचारा थिओडोर नुसता दारात उभा राहतो.

आता टॅग, म्हणजे कथेला लावायच्या ओळखचिठ्ठ्या. निम्मी लढाई इथेच जिंकता येते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या साइटवर दोन नावांमध्ये तिरपी रेघ असली की प्रेमसंबंध, ‘अँड’चं चिन्ह (&) असलं की मैत्री किंवा नातं. तुम्ही प्रेमकथेला ‘अँड’ लावा. प्रेमकथा शोधणाऱ्याला ती दिसणार नाही, आणि मैत्रीची कथा शोधत आलेला तिसऱ्या प्रसंगात दचकून पळेल. किंवा नात्याच्या रकान्यात ‘ऑलिस्प्राउट’ असं स्वतः पाडलेलं नाव टाका. टॅगांची निगराणी करणारे स्वयंसेवक एरवी एकाच जोडीची वेगवेगळी रूपं एकत्र बांधतात. त्यांनाही थोडं कोड्यात टाकू या. २०२१ पासून एका कथेला जास्तीत जास्त ७५ टॅगांची मर्यादा आहे (त्याआधी एका चिनी फॅनडममधल्या, म्हणजे एका चिनी कलाकृतीच्या चाहत्यांच्या गोतावळ्यातल्या, कथेने हजारावर टॅग लावून सगळ्यांची बोटं स्क्रोल करकरून दमवली होती). ७५ च्या ७५ वापरा. कोपऱ्यात एका वाक्यापुरते येणारे हॅरी-जिनी आणि रॉन-हर्मायनीही नात्यांत टाका. त्यांचे चाहते येतील, दोन म्हातारी माणसं लाकूड निवडताना बघतील आणि परततील. शिवाय एकच जोडी असलेल्या कथा गाळून घेणाऱ्या जाणकाराच्या जाळ्यातूनही तुम्ही सुटाल. तुमचा खरा वाचक बहुधा तोच होता.

समरीला, म्हणजे कथेच्या थोडक्यात ओळखीला, १२५० अक्षरं मिळतात. कोण, कुठे, कशात अडकलंय हे दोन वाक्यांत सांगायचा मोह आवरा. ‘मला समरी लिहिता येत नाही’ इथून सुरू करा आणि ‘ही जोडी कुणी वाचत नाही हे ठाऊक आहे, तरीही’ इथे संपवा. आल्या आल्या वाचकाला अपराधी वाटलं पाहिजे.

कथा टाकतानाही डोकं लावा. साइटवर कथांची यादी मुळात शेवटच्या बदलाच्या तारखेनुसार लागते आणि एका पानावर २० कथा मावतात. प्रकरणागणिक टाकलीत तर प्रत्येक वेळी कथा वर येईल, नको असताना नजरेत भरेल. तेव्हा साठ हजार शब्द एकाच प्रकरणात ओता. गजबजलेल्या फॅनडममध्ये ती संध्याकाळपर्यंत खाली जाते. प्रकरणं पाडायचीच असतील तर चौथ्यावर, ऐन कड्यावर, सोडून द्या. पुष्कळ वाचक ‘पूर्ण’ची खूण करूनच शोधतात.

कथांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज (प्रत्येकाने दुसऱ्याच्या मागणीची कथा लिहायची), हे अनवट जोड्यांचं हक्काचं ठिकाण. दरवर्षीचं ‘यूलटाइड’ २००३ पासून छोट्या फॅनडमसाठी चालतं: किमान १००० शब्द, कथा २५ डिसेंबरला उघडतात, लेखकांची नावं १ जानेवारीला. निव्वळ अनवट जोड्यांसाठीही अशी एक्स्चेंज असतात. तिथे तुमची मागणी दुसऱ्याच्या तयारीशी जुळावी लागते. शहाणी माणसं चार-पाच जोड्या मागतात, आठ-दहा लिहायला तयार असतात. तुम्ही एकच मागा आणि तीच एक लिहायची तयारी दाखवा. जुळवणी अडली की आयोजकांचा मेल येईल. त्यावर ‘अनवट जोड्यांवर अन्याय’ असं उत्तर धाडा. चुकून जुळलंच, तर ऐन मुदतीला माघार घ्या. तुमच्या वाटची कथा दुसरा कुणीतरी दोन दिवसांत रात्री जागून लिहील, आणि पुढच्या वर्षी आयोजक तुम्हाला नावानिशी ओळखतील.

आकड्यांचा हिशेबही सोयीने मांडा. एक वाचक एका कथेला एकदाच कुडोज, म्हणजे शाबासकी, देऊ शकतो. दहा प्रकरणं निष्ठेने वाचणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो, हिट्स (कथा किती वेळा उघडली तो आकडा) वाढत जातात, कुडोज मात्र एकच. हिट्सना कुडोजने भागलं की उपेक्षेचा आकडा हाती येतो. तो प्रकरणाखालच्या टिपेत नोंदवा. त्या एकुलत्या वाचकाने तीन परिच्छेदांची प्रतिक्रिया लिहिली असेल तर तिला उत्तर देऊ नका. तिथे संवाद सुरू झाला की माणसं वाढतात.

एवढं करूनही एक दिवस दुसरं कुणीतरी ऑलिव्हँडर-स्प्राउट लिहील. बोट्रकलसह. पहिला तास शांत राहा. मग कथा बारकाईने वाचा आणि प्रतिक्रियेत फक्त एवढं कळवा की ऑलिव्हँडरांचे डोळे चंदेरी आहेत, करडे नव्हेत. ती कथा नेमकी तुम्हालाच भेट म्हणून दिलेली असली तरी घाबरायचं कारण नाही. भेट नाकारायची सोय साइटवर आहे, आणि भेटी मुळातच बंद ठेवायची प्रेफरन्सेसमध्ये.